फळ्या मारलेली खिडकी

लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला एक खिडकी होती आणि ती बघायला करी रोडहून, परळहून माणसं यायची. तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. ती बंद होती. आतून चहाच्या खोक्याच्या चार फळ्या आडव्या ठोकलेल्या, बस्स. पण गिरणीत साचे म्हणजे माग चालवणारे आणि सुटल्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करणारे शामराव पाहुण्यांना रस्त्यात उभं करून वर बोट दाखवायचे आणि छाती फुगवून सांगायचे, "मावशीची शपथ हाय. मुंबई म्हाराष्ट्राला मिळंल त्याच दिवशी ही खिडकी उघडणार. तवर न्हाई." मग ते पाहुण्यांना वर खोलीत न्यायचे. तिथं पाच मिनिटांत पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. शामरावांना वाटायचं, काय ही निष्ठा! खरं तर निम्मं पाणी धुराचं होतं.

ती खोली म्हणजे बकुळाबाईंची खाणावळ. बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत पंधरा-पंधरा जण राहणारे गिरणीकामगार अशा एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवत. बकुळाबाईंकडे वीस जण होते. खोलीत दहाच पाटांची जागा, म्हणून पंगती दोन. पहिली जेवून उठायची, तोवर दुसरी गॅलरीत हात धुऊन उभी. "ए मेल्या, ताक प्यायला बसलायस की पोथी वाचायला? ऊठ, बाहेर माणसं ताटकळलीत," असं म्हणत बकुळाबाई पहिली पंगत हलवायच्या, आणि वीसच्या वीस गडी त्यांना मावशी म्हणून वचकून असायचे. आवाज असा, की तळमजल्यावरच्या माणसालाही आपलं काही चुकलं की काय असं वाटावं.

बाई मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा तुळशीदास गिरणीत होता. लग्नानंतर अकराव्या वर्षी तो क्षयानं गेला. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वर्षभर चाळीतलं कुणी त्यांच्या घरचं पाणी प्यालं नाही. हळदीकुंकवाचं सोडाच, नळावर त्यांची कळशी लागली की पुढची बाई आपली कळशी मागं ओढून घ्यायची. ते वर्ष त्यांनी काढलं आणि मग एके दिवशी लाकडाची चूल मोठी करून, शेजारी भुशाची शेगडी मांडून खाणावळ सुरू केली. त्यांच्या हाताची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं खाल्लेला माणूस दुसऱ्या खाणावळीत गेला नाही. हे कुणीही सांगेल.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई पेटली. संचारबंदी, अश्रुधूर, गोळीबार. बकुळाबाईंच्या पंगतीत जगदीश नावाचा बावीस वर्षांचा पोरगा होता, साचाखात्यातला, त्यांच्याच मुलखातला. एका दुपारी खाली गलका झाला आणि तो भरल्या ताटावरून उठून काय झालं बघायला गेला. बकुळाबाई खिडकीतून ओरडल्या, "जगदीश! वर ये, भात निवतोय!" तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मान वर करून हसला. हातानं 'आलो' अशी खूण केली. गोळी त्याला त्याच जागी लागली.

संध्याकाळी बकुळाबाईंनी चहाचं खोकं फोडलं आणि वरवंट्यानं खिळे ठोकून खिडकी बंद केली. कुणीतरी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "मुंबई आपली होईल तेव्हाच उघडेन." चाळीला भरून आलं. शामरावांनी ती शपथ सभेत सांगितली. पण खरं एवढंच होतं, की ती रस्त्यातली जागा बकुळाबाईंना बघवत नव्हती. त्यांनी हाक मारली नसती तर पोरगा थांबला नसता, हे त्या कुणाशीही बोलल्या नाहीत.

खिडकी बंद झाली आणि चुलीचा धूर खोलीत राहायला आला. चूल, शेगडी आणि जेवणानंतर वीस जणांच्या विड्या. दरवाजातून जाईल तेवढा जायचा, बाकीचा बकुळाबाईंकडे.

खोकला तसा आधीपासूनच होता. सकाळी उठल्यावर थोडा कफ पडायचा, त्याला कोण विचारतो? सत्तावन्न सालच्या थंडीत तो दिवसभर राहू लागला. पुढच्या वर्षी पिठाचा डबा उचलला की धाप लागायला लागली. नळावरून कळशी आणताना जिन्यात दोनदा उभं राहावं लागे. आपण दमलोय हे दिसू नये म्हणून बाई तिथं उभ्या राहून कुणाच्या तरी पोराला शिव्या घालत. पोराला काही कळत नसे, पण बाईंचा दम परत येई.

अठ्ठावन्नच्या डिसेंबरात पंगतीतल्या दोघांनी खोलीवरून स्वतःचे पेले आणायला सुरुवात केली. बकुळाबाईंनी ते पाहिलं. हे पेले त्यांच्या ओळखीचे होते. तुळशीदासाच्या वेळी सुरुवात पेल्यांपासूनच झाली होती. आता क्षयाची कुणकुण लागली की वीस जण चार दिवसांत पांगणार, खाणावळ बसणार, आणि या वयात पुन्हा कळशी मागं ओढणाऱ्या बायका बघायच्या. त्यांनी कुणी सांगायच्या आत आपलं ताट आणि पेला वेगळा ठेवला. मग शामरावांना म्हणाल्या, "चला त्या तुमच्या डॉक्टरकडे. जे असेल ते एकदा कळू दे."

डॉक्टर हेमचंद्र वागळे यांचा दवाखाना नाक्यावरच होता. तरुण माणूस, बोलायला कमी. त्यांनी छाती तपासली, पाठ ठोकली, नखं बघितली. तीन दिवस सकाळचा कफ मागवला. छातीचा फोटो काढायला मोठ्या इस्पितळात पाठवलं. आणि विचारलं, "विडी ओढता?"

"मी? डॉक्टर, मी बाईमाणूस आहे!"

"रागावू नका. चुलीपुढे किती तास असता?"

"पहाटे चारला चूल पेटते. मध्ये दुपारी दोन तास ती विझते. बाकी मी तिथंच."

"किती वर्षं?"

"पंधरा-सोळा."

डॉक्टरांनी काडीपेटीतली एक काडी ओढली आणि त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. "फुंकून विझवा. पण फुंकणी फुंकल्यासारखे ओठ नाही करायचे. आ करून, नुसत्या श्वासानं."

बकुळाबाईंना हसू आलं. आयुष्यभर फुंकण्याचंच काम केलेली बाई. त्यांनी आ केला आणि श्वास सोडला. ज्योत जरा वाकली आणि परत सरळ झाली. त्यांनी पुन्हा सोडला. काडी डॉक्टरांच्या बोटापर्यंत जळत आली. मग त्यांनीच ती झटकून विझवली आणि स्वतः दुसरी काडी ओढून एका श्वासात विझवून दाखवली. बकुळाबाईंचं हसू तिथं संपलं.

आठवड्यानं सगळे कागद आले. डॉक्टर म्हणाले, "क्षय नाही. तिन्ही दिवसांचा कफ स्वच्छ आहे." हे ऐकून बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या दवाखान्यातच रडल्या. रडता रडता विचारलं, "मग बरी होईन ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, हे जाणार नाही. पण वाढायचं थांबवता येईल. खाणावळीत पंगती असतात ना तुमच्या? समजा पहिली पंगत जेवली आणि उठलीच नाही. दुसरी दारात आली. काय होईल?"

"कोंबाकोंबी होईल. दुसरी उपाशी राहील."

"तुमच्या छातीत तेच झालंय. धुरानं आतल्या बारीक नळ्या सुजल्या, कफानं भरल्या. हवा आत जाते, पण बाहेर पडायची वाट अरुंद. जुनी हवा बसून राहते आणि नवीला जागा नाही. फोटोत छाती फुगलेली दिसते ती त्यामुळे. तुम्हाला वाटतं श्वास घेता येत नाही. खरं म्हणजे तो सोडता येत नाही."

हे मात्र बाईंना असं पटलं, की त्या एकदम म्हणाल्या, "अस्सं! मग पंगत उठवायची कशी ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. नाकानं श्वास घ्यायचा. शीळ घालताना करतात तसे ओठ करून त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, सावकाश, जोर न लावता. धाप लागली तर आडवं पडायचं नाही, पुढं वाकून कोपर गुडघ्यावर टेकून बसायचं. भरपेट न जेवता चार वेळा थोडं थोडं. रोज एक गोळी. कफ पिवळा-हिरवा झाला, ताप आला, की त्याच दिवशी दवाखान्यात; उद्यावर टाकायचं नाही. "आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे धूर बंद. तो नाही थांबला तर बाकीचं सगळं पाण्यात. आज दोन जिने चढताय. पुढच्या वर्षी एक. मग मोरीपर्यंत जाताना बसाल."

"चूल बंद केली तर वीस माणसं जेवतील काय?"

"मी चूल म्हणालो नाही. धूर म्हणालो. खोलीला खिडकी नाही का?"

शामराव घसा साफ करून पुढं सरसावले आणि त्यांनी खिडकीची सगळी हकीगत सभेत सांगावी तशी सांगितली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "शामराव, मोर्चात मीही होतो. खिडकी उघडा."

"ते होणार नाही," बकुळाबाई म्हणाल्या, आणि गोळ्यांची पुडी घेऊन उठल्या.

खिडकी सोडून बाकी सगळं मात्र त्यांनी असं पाळलं, की एखाद्या कारकुनानंही पाळलं नसतं. भाकरी थापताना दोन थापांत श्वास घ्यायचा, चार थापांत सोडायचा, हा हिशेब त्यांनी स्वतः बसवला. त्यामुळे भाकऱ्या जरा संथ झाल्या आणि जास्त गोल झाल्या, असं त्यांचं म्हणणं. पिठाचा डबा खाली आणला. बसून स्वयंपाक, बसूनच वाढणं. शेजारणींची परवानगी काढून भुशाची शेगडी गॅलरीच्या टोकाला नेली. आणि पेले आणणाऱ्या त्या दोघांना डॉक्टरांकडे नेऊन, "काय आहे ते यांच्या तोंडून ऐका," म्हणून समोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी ते पेले दिसले नाहीत.

मग त्यांनी विड्यांकडे मोर्चा वळवला. एका रविवारी ताटं वाढलेली, आणि बाई काडीपेटी घेऊन दारात. "प्रत्येकानं आ करून काडी विझवायची. मग पाटावर बसायचं." पोरं हसत हसत विझवून गेली. कापूस पिंजायच्या खात्यातला रामदास दोन प्रयत्नांत विझवून गेला. शामराव आले. दिवसाला दोन बंडलं ओढणारे, सभेत घसा फाडणारे शामराव. त्यांनी आ केला. काडी जळत राहिली. त्यांनी पुन्हा केला. डोळे बाहेर आले.

"वाऱ्याचा दोष हाय," शामराव म्हणाले.

"खिडकी बंद आहे. वारा कुठला?" बाई म्हणाल्या. सगळी पंगत हसत सुटली. पण सोमवारी त्या शामरावांना आणि रामदासाला घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि त्या दिवसापासून खोलीत विडी पेटली नाही. त्या गल्लीतल्या किती जणांना छातीचा फोटो काढायला बकुळाबाईंनी दंडाला धरून नेलं, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ज्याला कफ पडतो तो 'मावशीला कळू देऊ नका' म्हणायला लागला, एवढं खरं.

चूल मात्र धुमसत होती, आणि बंद खिडकीच्या खोलीत बाईंचा दम हळूहळू उतरत होता. एकोणसाठच्या पावसाळ्यात त्यांना दोनदा आठवडाभर झोपून काढावं लागलं. हाताखाली कुणी तरी हवं होतं. गावाकडून बाई आली ती सखुबाई. जगदीशची आई.

तिला बोलावलं होतं शामरावांनी, आणि बकुळाबाईंना न विचारता. विधवा बाई, एकुलता मुलगा गेलेला, कामाची गरज. त्यांच्या मनात चांगलंच होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा बकुळाबाईंना ओठ शिळीसारखे करूनही श्वास सोडता येईना. पण सखुबाई काटक होती, अबोल होती. आल्या दिवशी तिनं चूल ताब्यात घेतली. बकुळाबाई गॅलरीत शेगडीपाशी आणि सखुबाई आत चुलीपाशी, अशी वाटणी झाली. दोघी जगदीशचं नाव काढत नव्हत्या.

डिसेंबर आला. द्विभाषिक राज्य मोडणार, मुंबईसह महाराष्ट्र होणार, हे जवळजवळ ठरल्याच्या बातम्या येत होत्या. शामराव भारावले होते. खिडकी उघडण्याचा जंगी समारंभ त्यांच्या डोक्यात तयार होता: हार, बँड, खाली मांडव, मावशीच्या हातात हातोडी.

आणि त्याच महिन्यात एका सकाळी बकुळाबाईंनी आतून खोकला ऐकला. पहिल्यांदा वाटलं, आपलाच. मग लक्षात आलं, आपण तर गॅलरीत आहोत. कोरडा, ठसक्याचा, थांबून थांबून येणारा. त्यांच्या स्वतःच्या खोकल्याची ती सुरुवात होती; ती त्यांनी झोपेतही ओळखली असती. त्या आत गेल्या. चुलीपुढे सखुबाई पदरात तोंड धरून बसली होती.

"कधीपासून?"

"काय नाय बाय. धूर काय, गावाक पण धूरच आसता."

बकुळाबाईंनी काडीपेटी काढली. सखुबाईनं आ करून काडी विझवली. विझली, पण तिसऱ्या श्वासाला. बकुळाबाई त्या विझल्या काडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोपऱ्यातला नारळ सोलायचा कोयता उचलला आणि खिडकीपाशी गेल्या.

पहिली पंगत जेवत होती. शामराव घास टाकून धावले. "मावशी! आवं काय करताय? चार म्हैनं राहिल्यात. दिल्लीनं कबूल केलंय!"

"माझा दम माझा होता, शामराव. शपथेपायी घालवला. हिचा घालवायला मी कोण?"

"पर लोक काय म्हणतील?"

"लोकांना जेवायला वाढा. माझ्या मध्ये येऊ नका."

कोयत्याचं टोक फळीखाली घालून त्यांनी दाबलं. खिळा किरकिरला. एक खिळा काढायचा, मग वाकून कोपर गुडघ्यावर टेकून बसायचं; दोन मोजेपर्यंत आत, चार मोजेपर्यंत बाहेर. पुन्हा उठायचं. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पहिली पंगत उठायची विसरली, दुसरी दारात उभी. तिसऱ्या फळीपाशी त्या थांबल्या आणि सखुबाईकडे न बघता, गावच्या बोलीत बोलल्या.

"सखू, ही शपथ खोटी आसा. जगदीश खाली रस्त्यात होतो. मी हयसून हाक मारलंय, 'वर ये, भात निवता'. माझी हाक ऐकान तो थांबलो. म्हणान गोळी लागली. माका ती जागा बघवत नाय, म्हणान मी खिडकी बंद केलंय."

सखुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

मग ती म्हणाली, "जेवूक हाक मारलंस?"

"होय."

"चार वर्सां माका वाटत होता, झील माझो परक्या मुलखात एकटो मेलो." तिनं डोळे पुसले. "त्येका जेवूक बोलावणारी हय कोण तरी होती, ह्यां माका कोणी सांगूकच नाय." ती उठली, तिनं बकुळाबाईंच्या हातातला कोयता घेतला आणि शेवटच्या दोन फळ्या स्वतः काढल्या.

खिडकीची दारं चार वर्षं बसून घट्ट झाली होती. दोघींनी मिळून ती ढकलली. धूर आधी छतापाशी हलला आणि मग खिडकीच्या वाटेनं निघाला. खाली रस्ता होता, पानवाला होता, सायकली होत्या. रस्त्याच्या मधली ती जागा बकुळाबाईंनी सखुबाईला बोटानं दाखवली. दोघी कितीतरी वेळ तिथं बघत उभ्या होत्या. मग बाई मागं वळल्या आणि म्हणाल्या, "ए मेल्यांनो, पहिली पंगत उठा की. दुसऱ्यांना भूक नाही?"

सखुबाईचा खोकला महिन्याभरात गेला. बकुळाबाईंचा गेला नाही. तो जाणारा नव्हताच. पण डॉक्टरांनी बजावलेला एक जिना काही कमी झाला नाही. दोन होते, दोनच राहिले. त्या थांबून थांबून, मोजून मोजून चढत, आणि आता थांबल्यावर कुणाच्या पोराला शिव्या देत नसत.

एक मे साठला रविवार होता. राज्य झालं. शामरावांचा मांडव घातलेला होता, बँडही आला होता, पण उघडायला खिडकी शिल्लक नव्हती. ते दिवसभर थोडे रुसलेले होते. दिवेलागणीला सगळ्या चाळीनं खिडक्याखिडक्यांतून पणत्या मांडल्या. बकुळाबाईंच्या खिडकीत सखुबाईनं एकच मांडली आणि काडीपेटी त्यांच्या हातात दिली. खाली पंगतीतले सगळे गडी माना वर करून उभे होते.

बाईंनी काडी ओढली. आणि सवयीनं, वर्षभर लोकांना करायला लावलं तसं, वीतभर लांब धरून आ केला. ज्योत वाकली आणि सरळ झाली. पुन्हा केला. पुन्हा सरळ झाली. खालून शामराव ओरडले, "मावशी, वाऱ्याचा दोष हाय!"

"नाय रे मेल्या, छातीचाच आहे," त्या हसत म्हणाल्या, आणि न विझलेल्या त्याच काडीनं त्यांनी पणती लावली. मग खिडकीच्या बाहेर वाकून, दोन मोजेपर्यंत श्वास आत घेऊन, त्यांनी रस्त्याकडे हाक मारली, "वर या रे सगळे! भात निवतोय!"